इम्पोर्टेड कॉस्च्युमचा एचएस कोड कसा काढायचा: पाकीट उघडा, कपडा उलटा करा, मग आकडा टाका

कॉस्च्युम मागवणारे बहुतेक जण एकच करतात, सप्लायरच्या इनव्हॉइसवर ९५०५९० हा एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा प्रकार दाखवणारा आकडा, ज्यावरून ड्युटी ठरते) छापलेला असतो तो जसाच्या तसा उचलून कस्टम्स ब्रोकरला पाठवतात, ब्रोकर पण गडबडीत असतो, एंट्री होते, माल सुटतो, सगळे खूश. आणि मग कधीतरी ऑडिट लागतं आणि मागच्या सगळ्या कन्साइनमेंटचा ड्युटीचा फरक व्याजासकट भरा म्हणून नोटीस येते. तेव्हा सप्लायरकडे बोट दाखवून काही होत नाही, कारण डिक्लेरेशन तुमच्या नावाने असतं. सप्लायर हाच कोड का टाकतो तर त्याच्यासाठी सोपा पडतो, एका ओळीत सगळं बसतं. त्याचा त्यात काही वाईट हेतू असतो असं नाही, पण कपडा कुठल्या कापडाचा आहे, कसा शिवलाय हे त्याने बघितलेलंच नसतं.

तर हे स्वतः कसं बघायचं ते सांगतो. अवघड नाहीये, किचकट आहे.

आधी थोडक्यात बेसिक. एचएस कोड म्हणजे वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनची हार्मोनाइज्ड सिस्टिम, १ जानेवारी १९८८ पासून लागू. पहिले २ आकडे म्हणजे चॅप्टर, पहिले ४ म्हणजे हेडिंग, आणि काही चॅप्टर मिळून एक सेक्शन. पहिले ६ आकडे ही सिस्टिम वापरणाऱ्या सगळ्या देशांत सारखे असतात, त्यापुढचे आकडे ज्याच्या त्याच्या देशाचे. म्हणजे सप्लायरने दिलेला ८ किंवा १० आकडी कोड तुमच्या देशात चालेलच असं नाही, त्यातले फार तर पहिले ६ घ्यायचे आणि तेही तपासून. मग ६ जनरल रूल्स आहेत, ते क्रमानेच लावायचे. रूल १ म्हणतो हेडिंगची भाषा आणि सेक्शन-चॅप्टरच्या नोट्स वाचा, तिथेच उत्तर मिळालं तर पुढे जायचंच नाही. लोक उलटं करतात, डायरेक्ट रूल ३ वर उडी मारून 'इसेन्शियल कॅरेक्टर' (म्हणजे वस्तूला तिचं मूळ रूप कशामुळे येतं) वगैरे बोलायला लागतात. नोट्स कुणी वाचत नाही, आणि कॉस्च्युमचा सगळा घोळ नोट्समध्येच आहे.

हेडिंग ९५०५ मध्ये सणाच्या, कार्निव्हलच्या आणि इतर करमणुकीच्या वस्तू येतात. वाचून वाटतं की झालं, कॉस्च्युम म्हणजे हेच. पण चॅप्टर ९५ ची नोट १ उघडा, त्यात या चॅप्टरमध्ये काय काय येत नाही त्याची लांबलचक यादी आहे आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की कापडाचा फॅन्सी ड्रेस, जो चॅप्टर ६१ किंवा ६२ मध्ये जातो, तो इथे नाही. सरळ वाचलं तर कापडी कॉस्च्युम म्हणजे कपडा, विषय संपला. उलट बाजूला सेक्शन ११ म्हणजे टेक्स्टाइलचा सेक्शन, त्याची नोट १ म्हणते की चॅप्टर ९५ च्या वस्तू आमच्याकडे नकोत. दोन्हीकडून एकमेकांकडे ढकलणं चालू आहे, आणि या फटीतच अमेरिकेत कोर्टकचेऱ्या झाल्या, त्याच्याकडे नंतर येतो.

पहिलं काम, पाकीट फोडा आणि आतल्या प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ करा. समजा लहान मुलाचा समुद्री चाच्याचा सेट आहे. आत निघतं काय: पांढरा शर्ट ज्याला पुढून जाकिटाचे दोन तुकडे शिवूनच टाकलेत, काळी पँट, प्लॅस्टिकचा बक्कल असलेला पट्टा, डोक्याचा रुमाल, डोळ्यावरची पट्टी, प्लॅस्टिकची तलवार. जाकीट शर्टालाच शिवलंय त्यामुळे ते वेगळं नाही, शर्ट-जाकीट मिळून एक कपडा. पँट दुसरा कपडा. पट्टा कापडी असेल तर ६२१७ कडे जातो, प्लॅस्टिकचा असेल तर ३९२६, खऱ्या चामड्याचा असेल तर ४२०३ (या किमतीत नसतोच). तलवार एकटी आली असती तर खेळणं म्हणून ९५०३. डोळ्यावरची पट्टी कार्निव्हलच्या सामानात, म्हणजे ९५०५ च्या बाजूला.

आता शर्ट आणि पँट हातात घ्या. पहिला प्रश्न निट की वोव्हन. निट असेल तर चॅप्टर ६१, वोव्हन असेल तर ६२, आणि नॉनवोव्हन किंवा फेल्ट असेल तरी ६२ च, पण तिथे हेडिंग ६२१०. साधं भिंग घेऊन बघा: निटमध्ये एकात एक अडकलेले फासे दिसतात, वोव्हनमध्ये ताणा-बाणा, उभे आडवे धागे, आणि नॉनवोव्हनमध्ये धागा असा दिसतच नाही, दाबून बसवलेल्या तंतूंचा थर असतो. चमकतंय म्हणून सॅटिन आणि सॅटिन म्हणून वोव्हन असं धरू नका, स्वस्त कॉस्च्युममधलं चकचकीत कापड बऱ्याचदा ट्रायकॉट निट निघतं. कडेचा एक धागा ओढून बघा, वोव्हन असेल तर सुटून हातात येतो, ट्रायकॉट सहसा तसं उसवत नाही. वरचा भाग निट आणि घेर वोव्हन असं मिश्रण असेल तर कपड्याला रूप कुठला भाग देतो ते बघायचं, कडेची झालर, लेस, टिकल्या धरायच्या नाहीत, आणि खरंच ठरत नसेल तर शेवटी रूल ३ चा क आहे, जे हेडिंग आकड्याने शेवटी येतं ते.

फायबर पण लागतो. पॉलिएस्टर, कॉटन, व्हिस्कोस काय किती टक्के, वजनाने. सहाआकडी पातळीवर जायला याशिवाय पर्याय नाही आणि सप्लायर 'फॅब्रिक' एवढंच लिहून पाठवतो, त्याला पुन्हा विचारा.

अंगभर एकच कपडा असलेले सुपरहीरो जंपसूट, प्राण्यांचे वनसीज वगैरे निट असतील तर साधारण ६११४, वोव्हन असतील तर ६२११. छातीत फोम भरून मसल्स केलेत म्हणून हेडिंग बदलत नाही. आणि फॉक्स फरचा वाघ किंवा अस्वल आलं की हमखास कुणीतरी ४३०४ सुचवतं, कृत्रिम फर. तिथे चॅप्टर ४३ ची नोट बघा, विणून किंवा निट करून बनवलेली नकली फर त्यातून बाहेर काढलेली आहे. पाठीमागून कापड उलटं करून बघा, निटचे फासे दिसले तर तो लाँग पाइल निट आहे आणि कपडा चॅप्टर ६१ मध्येच राहतो. लेदर लुकच्या काळ्या कपड्यांना पण हेच, वर पीव्हीसी किंवा पीयूचा थर नुसत्या डोळ्याला दिसतो का ते बघा. नुसता रंग बदलला तर तो थर धरत नाहीत. थर दिसत असेल तर निट कोटेड ६११३ आणि वोव्हन कोटेड ६२१०, आणि चॅप्टर ६२ मध्ये एखादा कपडा ६२१० आणि दुसरं हेडिंग दोन्हीत बसत असेल तर ६२१० जिंकतं, अपवाद फक्त बाळांच्या कपड्यांचा.

बाळांचे कपडे म्हणजे ८६ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेल्या मुलांचे. वय नाही, उंची. निट असतील तर ६१११, वोव्हन ६२०९. साइज चार्ट मागून घ्या कारण त्याच डिझाइनची एक साइज इकडे आणि पुढची तिकडे पडते, एकच इनव्हॉइस लाइन असली की इथेच घोटाळा होतो. मुलगा-मुलगी हा फरक पण बऱ्याच हेडिंगना लागतो, पुढून बंद होणारा कपडा डावी बाजू उजवीवर येत असेल तर मुलांचा, उलटं असेल तर मुलींचा धरतात, अर्थात कट बघूनच कळत असेल की कुणासाठी आहे तर तो कट आधी. आणि काहीच ओळखता येत नसेल तर मुलींच्या हेडिंगमध्ये.

आता अमेरिका. तिकडे माल पाठवत असाल किंवा तिकडून कोड कॉपी करत असाल तर हा भाग नीट वाचा. रुबीज कॉस्च्युम नावाची तिथली मोठी कंपनी. त्यांचं म्हणणं होतं की बाहेरून येणारे स्वस्त कापडी कॉस्च्युम कपडे म्हणून धरा आणि त्यांच्यावर कपड्यांची ड्युटी लावा, कारण ते स्वतः देशात बनवत होते. कस्टम्स म्हणत होतं की हे तकलादू आहेत, ९५०५ मध्ये जातात, ड्युटी शून्य. खालच्या ट्रेड कोर्टात रुबीज जिंकले, पण २००३ मध्ये फेडरल सर्किट कोर्टाने निकाल फिरवला: नोटमधला फॅन्सी ड्रेस म्हणजे जो कॉस्च्युम मुळात कपडा म्हणण्यासारखा आहे तो, आणि पातळ, न टिकणारा, नेहमीच्या कपड्यासारखा न वापरला जाणारा कॉस्च्युम त्यात येत नाही, तो सणाच्या वस्तूंमध्येच राहतो. मग २०१९ मध्ये गंमत बघा, तीच कंपनी आता इम्पोर्टर म्हणून कोर्टात, त्यांचा भारीतला सँटाचा सूट, आणि आता त्यांचं म्हणणं की हे ९५०५ मध्ये धरा. कोर्ट म्हणालं, नाही, अस्तर आहे, चेन आहे, पँटला खिसे आहेत, हा नीट शिवलेला कपडा आहे. जाकीट ६११०.३०.३० मध्ये गेलं जिथे मूळ दर ३२ टक्के, पँट, हातमोजे आणि पाठीवरची पोतडी आपापल्या हेडिंगमध्ये. म्हणजे कंपनी दोन्ही वेळा दोन विरुद्ध बाजूंनी लढली आणि दोन्ही वेळा हरली. पण आपल्याला यातून मोजपट्टी मिळाली, तोच लाल-पांढरा सँटाचा कोट, शिलाई कशी आहे त्यावर मूळ ड्युटी शून्य किंवा ३२ टक्के.

अमेरिकन कस्टम्स मग शिलाई कशी बघतं? चार गोष्टी: स्टायलिंग, बांधणी, फिनिशिंग, सजावट. तुम्ही पण तेच करा, कपडा उलटा करा आणि चांगल्या उजेडात बघा. गळ्याची कड कच्ची कापून सोडलीय की दुमडून टीप मारलीय, का पायपिंग लावलंय. खाली तुरपाई आहे की कात्रीने कापल्यावर तसंच लोंबतंय. शिवणीच्या कडा ओव्हरलॉक केल्यात का उघड्या. पाठीला एक वेल्क्रोचा तुकडा चिकटवलाय की पूर्ण लांबीची चेन आहे. कमरेला वेगळा पट्टा शिवलाय का, नुसता इलॅस्टिक ओढून घातलाय. बाही नीट बसवलीय की समोर-मागचं एकच कापड बाहीसकट कापलंय. डार्ट, प्लीट, अस्तर, खिसे. जाकिटाचं बटण खरं आहे का छापलेलं, खरं असेल तर काज आहे का. टिकल्या शिवल्यात की गोंदाने चिकटवल्यात.

यात एका गोष्टीवरून निकाल लागत नाही, हे लक्षात ठेवा. चेन आहे म्हणून लगेच कपडा, वेल्क्रो आहे म्हणून लगेच ९५०५ असं नसतं, सगळं मिळून बघतात. पातळ पॉलिएस्टर ज्यातून आरपार दिसतं, कच्च्या कडा, गळ्याशी एक वेल्क्रो, असं असेल तर तकलादू. त्याच डिझाइनला तुरपाई, चेन, बसवलेली बाही, शिवलेला कमरपट्टा आला की गाडी दुसऱ्या बाजूला गेली. मधले असतात ते खरे डोकेदुखी. माझं मत विचाराल तर मधल्या मालाला ९५०५ मध्ये ओढायचा मोह टाळा आणि रुलिंग, म्हणजे कोडबद्दल कस्टम्सचा लेखी निर्णय, मागा. आणि हो, ही शिलाईची परीक्षा अमेरिकेची आहे. दुसऱ्या देशात तुमचं कस्टम्स नोट सरळ वाचत असेल तर कितीही कच्ची शिलाई दाखवा, कापडी म्हणजे ६१-६२. अमेरिकन रुलिंगची प्रिंट घेऊन दुसरीकडे भांडायला जाणारे बरेच आहेत, ती रुलिंग तिथे बंधनकारक नसते.

सेटचं प्रकरण. रूल ३ चा ब सांगतो की रिटेल सेट असेल तर सगळ्याला मिळून एकच कोड, ज्या वस्तूमुळे सेटला सेटपण येतं तिचा. अटी तीन: किमान दोन वेगळ्या हेडिंगच्या वस्तू, एकाच कामासाठी एकत्र केलेल्या, आणि परत पॅक न करता थेट गिऱ्हाइकाला विकता येईल अशा. चाच्याचं पाकीट तिन्हीत बसतं. पण कापडी कपडे आले की सेक्शन ११ ची नोट १४ आडवी येते, ६१०१ ते ६११४ आणि ६२०१ ते ६२११ या हेडिंगमधले वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे सेटमध्ये असले तरी आपापल्या हेडिंगमध्येच जातात. म्हणजे शर्ट आणि पँट फुटले. सेट फुटला की तलवार आणि पट्ट्याचा प्रश्न पण वेगळा उभा राहतो, म्हणून सप्लायरकडून तुकड्यागणिक किंमत आधीच मागून ठेवा, नंतर तुम्ही अंदाजाने वाटणी केली तर अधिकाऱ्याला पटवून देणं कठीण जातं. याउलट एकच जंपसूट आणि सोबत मुखवटा, तलवार असेल तर कपडा एकच, नोट १४ लागत नाही, सेट टिकतो आणि सहसा जंपसूटचा कोड सगळ्याला. आणि अमेरिकेत तकलादू कॉस्च्युम ९५०५ मध्ये गेला तर तो नोट १४ मधला कपडा राहत नाही, त्यामुळे सेट तिथेही टिकतो. बघा, शिलाईवरून नुसता कपड्याचा नाही तर आख्ख्या पाकिटाचा निकाल फिरतो. ज्या झिपच्या पिशवीत हे सगळं येतं ती नेहमीचं पॅकिंग म्हणून मालासोबतच जाते, तिला वेगळी ओळ नको.

सुटं सामान भराभर सांगतो. प्लॅस्टिक, कागद, लॅटेक्सचे मुखवटे, नकली नाक-कान ९५०५. कागदी टोप्या पण तिथेच, पण नीट बनवलेली, रोज घालता येईल अशी हॅट चॅप्टर ६५. विग चांगल्या प्रतीचा, खरोखर केस म्हणून लावण्यासारखा असेल तर ६७०४, रंगीबेरंगी जोकरछाप असेल तर ९५०५, आणि दाढी-मिशांना पण हाच न्याय. खोटे दागिने सुटे आले तर ७११७, फेसपेंट ३३०४ (याला बऱ्याच ठिकाणी कॉस्मेटिक्सचे वेगळे नियम लागतात, कोडपेक्षा ती कटकट मोठी). बुटांवरून चढवायचं कापडी कव्हर, ज्याला तळ लावलेलाच नाही, ते बूट म्हणून चॅप्टर ६४ च्या पादत्राणांच्या हेडिंगमध्ये टाकू नका. कपड्यात एलईडी दिवे असतील तरी कपडा कपडाच राहिला असेल तर तो टेक्स्टाइलमध्येच, २०२२ च्या आवृत्तीत यासाठी वेगळी नोट आहे. कुत्र्याचा कॉस्च्युम ४२०१, तिथे खोगीर आणि पट्ट्यांच्या शेजारी कुत्र्याचे कोट पण येतात. बाहुलीचा ड्रेस ९५०३.

नाटकाचे जुने वापरलेले कॉस्च्युम आणताना ६३०९ टाकायचं सुचतं, पण त्याला दोन अटी आहेत, वापरल्याच्या खुणा स्पष्ट दिसायला हव्यात आणि माल गठ्ठ्यात, पोत्यात किंवा तसाच मोकळा ढिगाने यायला हवा. हँगरवर एकेक कव्हरमध्ये आलेले कोट तिथे बसत नाहीत. आणि प्रयोग करून परत न्यायचे असतील तर कोडवर डोकं फोडण्याआधी एटीए कार्ने मिळतं का बघा, ड्युटी न भरता तात्पुरती आयात होते, फक्त कपडा न् कपडा यादीत हवा आणि तेवढेच परत जायला हवेत.

कागदपत्रांत वर्णन नीट लिहा. 'पार्टी कॉस्च्युम, १ सेट' याला काही अर्थ नाही, अधिकारी उघडून बघणारच. असं लिहा: मुलांचा एकसंध जंपसूट, १०० टक्के पॉलिएस्टर निट, पाठीला वेल्क्रो, गळा आणि पायाच्या कडा कच्च्या, सोबत प्लॅस्टिकचा मुखवटा, एका झिप पिशवीत रिटेल पॅक. ऑर्डर देतानाच सप्लायरला सांगून ठेवा की असं वर्णन, फायबरचे टक्के आणि साइज चार्ट पाठवल्याशिवाय पेमेंटचा शेवटचा हप्ता नाही. फोटो पुढून-मागून आणि उलटा करून, शिवण दिसेल असा. प्रत्येक डिझाइनचा एक नग सीलबंद ठेवून द्या, ऑडिटला माल विकून झालेला असतो आणि दाखवायला हातात काही नसतं.

अडलं तर आधीची रुलिंग बघा. अमेरिकन कस्टम्सचा क्रॉस नावाचा डेटाबेस फुकट आहे, त्यात कॉस्च्युमची ढीगभर रुलिंग आहेत, चेटकिणीपासून भोपळ्यापर्यंत, आणि प्रत्येकात शिलाईचं वर्णन असतं त्यामुळे तुलना करायला सोपं जातं. युरोपियन युनियनमध्ये बाइंडिंग टॅरिफ इन्फर्मेशन, म्हणजे तिकडचं बंधनकारक रुलिंग मिळतं, ते ३ वर्षं चालतं. बऱ्याच देशांत ॲडव्हान्स रुलिंगची, म्हणजे माल येण्याआधीच निर्णय मिळवायची सोय आहे, तुमच्याकडे असेल तर माल निघायच्या आधी अर्ज करा. अर्जात स्वतःचा कोड आणि त्यामागचं कारण लिहायचं, रूल आणि नोटचा नंबर देऊन, आणि सॅम्पल पाठवायचं, फक्त फोटोवर शिवण कळत नाही. जी बाजू तुमच्या विरोधात जाते ती पण लिहा, चेन असेल तर चेन आहे म्हणा, कारण लपवून मिळवलेलं रुलिंग खऱ्या मालाशी जुळत नाही आणि मग ते कामाचं राहत नाही. रुलिंग आलं की त्याचा नंबर प्रत्येक एंट्रीसोबत द्या, आणि पुढच्या सीझनला सप्लायरने त्याच आर्टिकल नंबरवर वेल्क्रोऐवजी चेन लावली किंवा आत अस्तर घातलं तर तो जुना नंबर वापरू नका, नवीन सॅम्पल घेऊन परत विचारा.